शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा



श्रीचरणी वंदन करून आज आम्ही ज्या विषयाला आरंभ करीत आहोत, तो आपल्या या पत्रिकेत सहसा येत नाही. नामाचा महिमा, व्रतांचे माहात्म्य, संतांची चरित्रे यांचे चिंतन आपण नित्य करतो. परंतु ज्याचे मनच आजारी पडले आहे, अशा माणसाशी कसे बोलावे आणि त्याची सेवा कशी करावी, हा प्रश्न आपण धर्माचा कधी मानला नाही. कोणी तो डॉक्टरांवर सोपविला, कोणी भगतावर. तो धर्माचाच प्रश्न आहे, हे आम्हांला आमच्याच हातून घडलेल्या एका अपराधाने शिकविले. तेव्हा प्रथम त्या अपराधाची कबुली देणे योग्य होईल. ज्या घराची ही हकीकत आहे त्या घराची अनुमती आम्ही घेतली आहे, आणि ओळख पटेल असे सर्व तपशील गाळले आहेत.

गेल्या कार्तिकी एकादशीला सभामंडपात कीर्तन रंगले होते. सामरवरणीच्या बाजूला एका कारखान्यात काम करणारा, विशी ओलांडलेला एक तरुण आपल्या आईसमवेत येऊन बसला होता. कीर्तन ऐन भरात असता तो एकाएकी उठला, वर छताकडे पाहून कोणाशी तरी मोठ्याने वाद घालू लागला, आणि मग दोन्ही कानांवर हात दाबून जागच्या जागी फिरू लागला. मुले हसली. कोणी म्हणाले, "प्यायला असेल." कोणी म्हणाले, "बाधा आहे, भगताकडे न्या." आमच्यापैकी दोघांनी त्याचे दंड धरले, त्याला पायऱ्या उतरवून खाली नेले आणि सोडून दिले. कीर्तन पुन्हा सुरू झाले. त्याची आई पदर तोंडाशी धरून त्याच्या मागोमाग निघून गेली. एकादशी कधीही न चुकविणारी ती माउली त्या दिवसापासून मंदिरात आलेली नाही.

त्या रात्री आम्ही स्वस्थ झोपलो, हे सांगावयास लाज वाटते. मंडपाची शांतता राखली, कर्तव्य केले, असेच आम्हांस वाटत होते.

आता एका शब्दाचा विचार करू. रुग्णाच्या सेवेला आपण शुश्रूषा म्हणतो. हा शब्द संस्कृतातील 'श्रु' या धातूपासून आला आहे, आणि श्रु म्हणजे ऐकणे. श्रवण, श्रोता, श्रुती हे त्याच कुळातले शब्द होत. ज्याप्रमाणे जाणण्याची इच्छा ती जिज्ञासा, पिण्याची इच्छा ती पिपासा, त्याचप्रमाणे ऐकण्याची इच्छा ती शुश्रूषा. शिष्य गुरूजवळ राहून त्याचे बोलणे ऐकण्यास उत्सुक असे, त्याला काय हवे-नको ते पाही, त्यावरून हा शब्द सेवेला लागला, आणि पुढे रुग्णसेवेला. आपल्या पूर्वजांनी रुग्णसेवेला जे नाव दिले, त्याच्या पोटात औषध नाही, पथ्य नाही. 'तू काय म्हणतोस ते मला ऐकावयाचे आहे' एवढीच ओढ आहे. ज्याचा देह आजारी आहे त्याची सेवा मुकेपणानेही काही अंशी होऊ शकेल. ज्याचे मन आजारी आहे त्याच्या बाबतीत मात्र ऐकणे हाच सेवेचा आरंभ आहे. आम्ही त्या तरुणाचे दंड धरले. त्याचा शब्द मात्र धरला नाही.

हीच गोष्ट भगवद्गीतेच्या आरंभी आपल्यासमोर उभी आहे. सिल्वासाच्या शासकीय रुग्णालयाला ज्यांचे नाव दिलेले आहे, त्या विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली, हे आपण जाणताच. तीच गीता आज रुग्णाच्या खाटेशी बसून वाचावी. पहिल्या अध्यायाचे नावच अर्जुनविषादयोग. अर्जुनाची गात्रे गळतात, तोंडाला कोरड पडते, अंगाला कंप सुटतो, हातातले गांडीव निसटते, उभे राहवत नाही, मन भ्रमल्यासारखे होते. तो बोलत राहतो, आणि भगवंत ऐकत राहतात. त्या सबंध अध्यायात भगवंतांच्या मुखी एकच छोटेसे वाक्य आहे, तेही अर्जुनाचे बोलणे सुरू होण्यापूर्वीचे.

दुसऱ्या अध्यायाच्या प्रारंभी भगवंत दोन श्लोकांत त्याला म्हणतात की हे दौर्बल्य तुला शोभत नाही, ते टाक आणि ऊठ. आपण घरोघरी जे म्हणतो, 'मन घट्ट कर', तेच हे. त्याने काय झाले? अर्जुन उठला नाही. त्याने आपले दुःख पुन्हा सांगितले, मला काही सुचत नाही, मी तुझा शिष्य आहे, मला सांग, अशी विनवणी केली, आणि 'मी लढणार नाही' म्हणून तो गप्प झाला. भगवंतांचा खरा उपदेश त्यानंतर, अकराव्या श्लोकापासून सुरू होतो. जो उपदेश आपण पहिल्याच वाक्यात करतो, तो साक्षात भगवंतांच्या तोंडूनही पहिल्या वेळी लागू पडला नाही; आणि जो लागू पडला तो रुग्णाने स्वतः मागितल्यावर. शेवटी अठराव्या अध्यायात सारे सांगून झाल्यावर भगवंत म्हणतात की याचा पुरता विचार कर आणि मग तुला वाटेल तसे कर. आणि पुढे विचारतात की तुझा मोह गेला का. जबरदस्ती नाही. विचारणे आहे, आणि उत्तराची वाट पाहणे आहे.

येथे एक इशारा दिला पाहिजे. अर्जुनाचा विषाद आणि आज डॉक्टर ज्याला मनोविकार म्हणतात तो, हे एकच होत असे आमचे म्हणणे नाही. गीता वाचून दाखविल्याने भास थांबत नाहीत, आणि नामस्मरण हे औषधाच्या जागी देता येत नाही. बोलण्याची रीत मात्र गीतेपासून शिकता येते.

ती रीत प्रत्यक्षात कशी असते, हे आम्ही एका परिचारिकेकडून पाहिले. एकादशीनंतर काही दिवसांनी मनाला टोचणी लागली म्हणून आमच्यापैकी दोघे त्या तरुणाच्या घरी गेलो. रुग्णालयात बरीच वर्षे काम केलेल्या एक भगिनी शेजारीच राहतात. त्याही सोबत आल्या. तरुण खोलीच्या कोपऱ्यात बसून होता. आम्ही उभ्या उभ्याच बोलू लागलो: "अरे, तुला कशाची कमतरता आहे? नोकरी आहे, आई आहे. मनातले विचार काढून टाक. रोज हरिपाठ म्हण." त्याने तोंड भिंतीकडे फिरविले.

त्या भगिनी थोड्या अंतरावर, त्याच्या समोर नव्हे तर किंचित बाजूला, जमिनीवर बसल्या. म्हणाल्या, "भाऊ, मी इथे बसले तर चालेल का?" तो काही बोलला नाही, त्याही बोलल्या नाहीत. ती शांतता आम्हांस असह्य झाली; त्यांस झाली नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, "रात्र कशी गेली?"

"ते झोपू देत नाहीत."

"कोण?"

"वरचे. सारखे बोलतात माझ्याबद्दल."

आमच्या ओठांवर आले होते की वर कोणीही नाही. त्या मात्र म्हणाल्या, "तुम्हांला ते ऐकू येते. मला नाही ऐकू येत, खोटे सांगणार नाही. पण रात्रभर असे बोलणे कानांवर पडत राहिले तर माणूस थकून जाईल."

त्याने प्रथमच मान वळवून पाहिले. "थकलोय, ताई."

त्यांनी मग हळूहळू विचारले की ते आवाज काय सांगतात, काही करावयास सांगतात का. आणि अगदी साध्या शब्दांत विचारले, "जीव द्यावा असे मनात येते का?" त्याच्या आईने दचकून त्यांचा हात धरला. तरुण मात्र म्हणाला, "येते. दोनदा आले." त्या म्हणाल्या, "सांगितलेत हे बरे केलेत. हे मी डॉक्टरांना सांगणार आहे. तुमच्यापासून लपवून नाही. आजच जाऊ. मी बरोबर येते." त्या संध्याकाळी आम्ही सर्वजण त्याच्यासमवेत रुग्णालयात गेलो. आमच्या हरिपाठाने जे दार बंद झाले होते, ते 'थकून जाईल' या दोन शब्दांनी उघडले.

परतताना आम्ही त्यांस विचारले की हे तुम्हांस कसे सुचले. त्या हसून म्हणाल्या, "सुचत नाही काका, शिकवतात." आणि त्यांनी जे सांगितले ते प्रत्येक घराने ध्यानात ठेवावे असे आहे.

भास होणाऱ्या माणसाशी वाद घालू नये, आणि त्याच्या होला हो मिळवून खोटेही बोलू नये. त्याला जे ऐकू येते ते त्याच्यापुरते खरे असते. आपल्याला ते ऐकू येत नाही हे एकदा शांतपणे सांगावे, आणि मग त्यामागच्या भीतीशी, थकव्याशी बोलावे. वाक्ये लहान असावीत. एका वेळी एकानेच बोलावे. संशयाने ग्रासलेल्या माणसासमोर आपसांत कुजबुजू नये, हसू नये. त्याला न विचारता अंगाला हात लावू नये. आमचा पहिला अपराध तोच होता. 'सगळे ठीक होईल' असे पोकळ आश्वासन देऊ नये. त्याऐवजी 'मी उद्या पाच वाजता येईन' असे सांगावे आणि पाच वाजता यावे. ज्याच्या मनाचा आधारच सुटला आहे, त्याला पाळलेला शब्द हा पहिला आधार होय. जीव देण्याविषयी विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने बहुधा ओझे हलके होते. परंतु असे काही कळल्यावर ते गुपित म्हणून ठेवू नये, त्या माणसास एकटे सोडू नये, आणि विषारी औषधे, दोर, शस्त्रे त्याच्यापासून दूर ठेवावीत.

या शास्त्राचा इतिहासही चिंतनीय आहे. १९५२ साली पॅरिसमधील सेंट ॲन रुग्णालयात जाँ डिले आणि पियेर डेनिकर या डॉक्टरांनी क्लोरप्रोमझिन हे औषध मनोरुग्णांना देऊन पाहिले, आणि उन्मादावरच्या आधुनिक औषधांचे युग सुरू झाले. त्याच १९५२ साली अमेरिकेत हिल्डेगार्ड पेप्लाऊ या परिचारिकेचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. परिचारिका आणि रुग्ण यांच्यामधील नाते हाच परिचर्येचा गाभा होय, हे तिने त्यात मांडले. औषध आणि शब्द असे एकाच वर्षी पुढे आले. दोन्ही लागतात. औषधाला गुण दाखवावयास काही आठवडे जातात, आणि बरे वाटू लागताच ते आपल्या मनाने बंद केले तर आजार उलटतो. त्या आठवड्यांत माणसाला धरून ठेवतो तो शब्द.

आपल्या आयुर्वेदानेही हे ओळखले होते. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाचे चार गुण म्हणजे उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता. अनुराग हा येथे भावनेचा अलंकार नव्हे. तो ज्ञान आणि दक्षता यांच्या पंक्तीला बसविलेला आवश्यक गुण आहे. तथापि त्याच संहितेत उन्मादाच्या रुग्णाला भय दाखविण्याचे, बांधण्याचे उपायही आले आहेत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. जुने आहे म्हणून सारेच शिरोधार्य नसते. अनुराग घ्यावा, भय सोडून द्यावे.

ते भय सोडले नाही म्हणजे काय होते? ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडी येथे मनोरुग्णांच्या एका खाजगी आश्रयगृहाला आग लागली. रुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. त्यांना पळता आले नाही. २८ जण प्राणास मुकले. त्यांच्या घरच्यांनी त्यांना तेथे नेले होते ते तेथील दर्ग्यावरील श्रद्धेने. ही गोष्ट एका धर्माची समजून कोणी हात झटकू नयेत. आपल्यापैकी किती घरची माणसे बाधा उतरावी म्हणून गाणगापूरला गेली असतील, हे ज्याचे त्याने आठवावे. श्रद्धेला दोष नाही. श्रद्धेच्या नावाने बांधलेल्या साखळीला आहे. आता २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने, जो २९ मे २०१८ पासून अमलात आला, मनोरुग्णास साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. तसेच आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असे गृहीत धरून त्याच्या काळजीची जबाबदारी शासनावर टाकली आहे. आपल्या शेजारच्या गुजरातेत, मेहसाणा जिल्ह्यातील उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात मनोविकारतज्ज्ञांचे उपचारही सुरू झाले, आणि तेथील मुजावर स्वतः रुग्णांना तिकडे पाठवू लागले. 'दवा' आणि 'दुवा' असे त्यांनी त्यास म्हटले. दर्ग्यात जे घडले ते मंदिरात का घडू नये?

रुग्ण घरी आल्यावर खरी कसोटी लागते. लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन या समाजशास्त्रज्ञाने १९५० नंतरच्या दशकांत रुग्णालयातून घरी परतलेल्यांचा पाठपुरावा केला. जेथे सतत टोचून बोलणे, राग, किंवा नको इतकी काळजी करून रुग्णाच्या श्वासावर पहारा ठेवणे चालते, त्या घरांत आजार अधिक वेळा उलटतो, असे त्याला व त्याच्या सहकाऱ्यांना आढळले. 'तुझ्यामुळे आमचे नाक कापले गेले' हे वाक्य जितके घातक, तितकेच 'तू काही करू नकोस, मी भरवते' हेही. आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण द्यावयाचे तर कॅनडात कॅलगरी येथे प्राध्यापक राहिलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांचे देता येईल. पत्नीच्या स्किझोफ्रेनियाच्या आजारात त्यांनी साथ केली. आणि तो आजार लपवून न ठेवता पुण्यात 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' ही संस्था उभी करण्यात पुढाकार घेतला. त्यांच्याच प्रेरणेने २००४ साली सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' हा चित्रपट आला. आजारी भाऊ आणि त्याला सांभाळताना दमलेली बहीण ज्यांनी त्यात पाहिली, त्यांना सेवा करणाऱ्याचेही मन सांभाळावे लागते हे सांगावयास नको.

आपल्या या भूमीत एक अडचण विशेष आहे. दादरा आणि नगर हवेलीत वारली, कोकणा, धोडिया, गुजराती, मराठी, हिंदी अशा कितीतरी भाषा नांदतात. कारखान्यांमुळे दूरदूरच्या प्रांतांतून माणसे आली आहेत. ताप कोणत्याही भाषेत मोजता येतो. भीती मात्र बहुधा मातृभाषेतच सांगता येते. रुग्ण एका भाषेचा, परिचारिका दुसऱ्या भाषेची, अशा वेळी आपल्यापैकी ज्यांना दोन्ही भाषा येतात त्यांनी दुभाषी म्हणून उभे राहावे. रुग्ण जे म्हणेल ते न गाळता, न सुधारता पोहोचवावे, आणि ऐकलेले तेथेच विसरावे. शासनाची 'टेली-मानस' ही दूरध्वनी-सेवाही १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही, मराठीसह अनेक भारतीय भाषांत, विनामूल्य बोलता येते. हा क्रमांक आपण पाणपोईच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवीत आहोत.

येत्या एकादशीपासून आपण सर्वांनी पुढील संकल्प करावा, अशी आमची प्रार्थना आहे. मंडपात कोणी अस्वस्थ झाला तर त्याला धरून बाहेर काढावयाचे नाही; एकाने जवळ बसावयाचे, पाणी द्यावयाचे, हवे असल्यास त्याच्या संमतीने शांत जागी न्यावयाचे. ज्या घरी असा रुग्ण आहे तेथे आठवड्यातून दोन तास कोणीतरी जाऊन बसावयाचे, म्हणजे त्या माउलीला बाजारहाट करता येईल, नाही तर नुसते झोपता येईल. 'वेडा' हा शब्द कोणत्याही माणसासाठी वापरावयाचा नाही, मुलांनाही वापरू द्यावयाचा नाही. आणि त्या घरात जे ऐकू ते पायरीबाहेर न्यावयाचे नाही.

तो तरुण आता औषध घेत आहे. आवाज पुरते गेलेले नाहीत, परंतु झोप लागते, आणि काही तास कामावरही जाऊ लागला आहे. मागील आठवड्यात आम्ही त्याची क्षमा मागितली. तो म्हणाला, "बाहेर काढले त्याचे काही नाही. पण मला काय होतेय ते कोणीच विचारले नाही."

त्याची आई अजून मंदिरात आलेली नाही. कीर्तनाच्या वेळी खांबाशेजारची तिची जागा रिकामी दिसते. तिला 'या' म्हणून निरोप धाडणे सोपे आहे. परंतु ती यावी असे मंदिर आपण प्रथम केले पाहिजे. देव आपल्या हाका ऐकतो असे आपण मानतो. ज्याची हाक आपल्याला समजत नाही, त्याचीही ऐकण्याची इच्छा तो आपल्याला देवो. तीच शुश्रूषा, आणि तीच त्याची पूजा.

श्रीकृष्णार्पणमस्तु.